आवडामावशीची दोन गाडगी

मी हिवताप खात्यात फवारणीच्या टोळीवर मुकादम होतो. म्हणजे पंप इतरांनी मारायचे आणि मी प्रत्येक दारावर गेरूने तारीख घालायची. एवढ्यासाठी मॅट्रिक झालो होतो! तरी चौलच्या आसपास मला मान होता. डीडीटीची पावडर येण्यापूर्वी पावसाळा सरला की आमच्याकडे घरंच्या घरं गोधडीखाली कुडकुडत पडायची; पावडर आली आणि दोन वर्षांत ते थांबलं. हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं ऐकून मला पावडरीचा वैरी म्हणू नका.

आवडाबाई आमच्या वाड्यांची सुईण, सगळ्यांची मावशी. घरची भातशेती, उंची माझ्या खांद्याएवढी, आवाज बंदरापर्यंत जाणारा. मलाही तिनंच जगात आणलं. मी पायाळू, म्हणून भर बाजारात ओरडायची, "माधवा, उलट्या पायानं आलास, सरळ कामाला कवा लागशील रं?"

छप्पन साली भातकापणीच्या सुमारास तिची लेक राही पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नवरा मुंबईला गोदीत. आमची टोळी त्याच आठवड्यात वाडीत होती. मावशीनं मला हाताला धरून बाळंतिणीच्या खोलीत नेलं.

"हितं दोनदा मार. माजं पयलं नातवंड येनार, एक डास फिरकता कामा न्हाय."

नियम एकदाच मारायचा. पण जिनं जगात आणलं तिला नाही कसं म्हणायचं? मी स्वतः पंप घेतला आणि भिंती पांढऱ्या केल्या. मग मावशीनं रीतीप्रमाणे खिडकीत गोणपाट कोंबलं, बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून. तिसऱ्या दिवशी राहीला मुलगी झाली. बारा दिवस आई, मूल आणि शेगडी त्या बंद खोलीत होती.

मुलीचं नाव गोदू. सहा महिने झाले तरी मान धरेना. मावशीची एक जुनी परीक्षा होती. पाचव्या महिन्यात कमरेच्या चाव्या मुलाच्या कानामागे हलवायच्या. मूल वळून बघतं का ते पाहायचं. गोदू वळली नाही. थाळी पडली की दचकायची, म्हणजे बहिरी नव्हती. आवाज आला कुठून, हे शोधावं असंच तिला वाटत नव्हतं.

बायका म्हणाल्या, सटवीनं कपाळी लिहिलं. मावशी भडकली. "सटवीला माज्याच घराचा राग व्हय?" पुढे वाडीतल्या भागोजीच्या घरचं, फवारणीच्याच आठवड्यात जन्मलेलं मूलही वळलं नाही, तेव्हा ती तडक माझ्याकडे आली.

"दारावर काय लिवतोस ते मला वाचून दाव."

वर्षभर दर रविवारी आम्ही दारं वाचत हिंडलो. तिनं दोन गाडगी ठेवली. फवारणीनंतर महिन्याच्या आत जन्मलेली मुलं एका गाडग्यात, बाकीची दुसऱ्यात. चाव्यांकडे वळलं त्याचा अख्खा चिंचोका, न वळलं त्याचा फोडलेला. मी चेष्टेत म्हणालो, "मावशी, शास्त्रज्ञ झालीस की!" ती हसली नाही, आणि मला माझीच लाज वाटली.

पहिल्या गाडग्यात अकरा चिंचोके झाले, चार फोडलेले. दुसऱ्यात सोळा, एक फोडलेला. ती गाडगी घेऊन आम्ही तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेलो. माणूस भला होता. म्हणाले, "बाई, सत्तावीस चिंचोक्यांवर काही ठरत नाही. अशी मुलं पूर्वीही होत. आणि ही पावडर नसती तर यातली किती तापानं गेली असती?"

खोटं नव्हतंच ते.

"फवारा थांबवा म्हनत न्हाय मी," मावशी म्हणाली. "बाळंतिनीची खोली तेवढी महिनाभर सोडा. आन् कुनी शिकल्याल्या मान्सानं नीट मोजा. मला येवढंच मोजता येतं वो." तिनं हात जोडले. मी बाजूला उभा. दोनदा पंप मारल्याचं मी सांगितलं नाही. नोकरी जाईल, या भीतीनं तोंडाला कुलूप घातलं. डॉक्टर म्हणाले, वर लिहून कळवतो. पुढे कुणी मोजायला आलं नाही.

अठ्ठावन्नच्या भाद्रपदात राही पुन्हा बाळंतपणाला टेकली होती आणि टोळी पुन्हा वाडीत. या खेपेला मी त्या घरावर तारीख घातली आणि आतली खोली कोरडी सोडली. सरकारी कामातलं माझं एवढंच खोटं. मावशीनं भिंती खरवडून नव्यानं सारवल्या, खिडकीतलं गोणपाट ओढून काढलं. बायका म्हणाल्या, म्हातारी लेकीला वाऱ्यानं मारणार. मुलगा झाला, रघू. मावशी बारा दिवस लुगड्याच्या पदरानं डास वारत बसली. मी रोज दारात जाऊन विचारायचो, ताप आहे का? नव्हता.

माघात रघूला पाचवा महिना लागला. मावशी दोन दिवस चाव्यांना हात लावेना. तिसऱ्या दिवशी मला बोलावून घेतलं. राहीच्या मांडीवर रघू, शेजारी उशीला टेकवलेली सव्वादोन वर्षांची गोदू. मावशीनं त्याच्या कानामागे चाव्या हलवल्या. रघूनं झटकन मान वळवली आणि जुडगाच पकडला. राही हसली. मीही ओरडलो, "टाक मावशी, अख्खा चिंचोका!"

मावशी गोदूकडे बघत म्हणाली,

"म्हंजे गोदूचं मीच केलं."

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. दोन दिवस ती कशाला भीत होती? रघू वळला नसता तर दोष सटवीवर गेला असता. नातू धड निघावा आणि आपण निर्दोष ठरावं, दोन्ही तिला हवं होतं, आणि दोन्ही मिळणार नव्हतं.

"एका चिंचोक्यानं काही ठरत नाही," मी डॉक्टरांचंच वाक्य पुढे केलं. "आणि पंप तर मी मारला."

"तू मारलास. सांगितलं कुनी?"

तिनं रघूच्या मुठीतून चाव्या सोडवल्या, गोदूला मांडीवर घेतलं आणि तिच्या कानामागे हलवल्या. गोदू समोर बघत राहिली. मावशीनं पुन्हा हलवल्या, पुन्हा, मग जोरात, मग दुसऱ्या कानाशी. "बघ गं माजी बाय, एकदा बघ." शेवटी राहीनंच उठून आईच्या हातातून चाव्या काढून घेतल्या.