बुडालेल्यांच्या वतीने

मालवणच्या शाळेत तेहतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या फ्रान्सिस्काबाईंना व्हिडिओ गेमचा नाद लागला, याचं शेजाऱ्यांना हसू येई. भाचा ब्रॅंडन बोटीवर नोकरीला जाताना आपला गेमचा संच त्यांच्याकडे ठेवून गेला होता. "ह्या वयात?" असं कोणी विचारलं, की बाई म्हणत, "मगे खंयच्या वयात?"

त्या दुपारी त्या एका लांबलचक गेमच्या शेवटाशी पोचल्या. सात गावं पाण्यात बुडवणारी राणी गुडघे टेकून आपल्या मेलेल्या मुलीसाठी रडत होती. तिला माफ केलं, तर सगळ्या प्रवासात बाईंना साथ देणाऱ्या जखमी नावाड्याला ती वाचवणार होती.

व्हिडिओ कॉलवरून ब्रॅंडन म्हणाला, "आंटी, माफ कर. सगळे तसाच करतत."

"तिचा दुःख माका कळता रे," बाई म्हणाल्या. "पण बुडाले ते दुसरेच. त्यांच्या वतीन माफ करणारी मी कोण?"

त्यांनी 'नाही' निवडलं. राणी कोसळली. मग नावाडी वल्ह्यावर डोकं टेकून शांत झाला, आणि बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"आधीचो सेव्ह आसा," ब्रॅंडन हळूच म्हणाला. "थंयसून परत खेळ, तो जगतलो."

"जगतलो, पण त्या राणीच्या मेहेरबानीन. माका नको." बाईंनी रुमालाने डोळे कोरडे केले. "रडतंय मी, पण चुकाक नाय."

आणि त्यांनी जुना सेव्ह पुसून टाकला.