दीड एकराचं परराष्ट्र धोरण

आमच्या थोरल्या साडूंइतका मुरलेला मुत्सद्दी कुठल्याही देशाच्या परराष्ट्र खात्यात नसेल, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. भोकरजवळच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला हा माणूस. पेपरात दोन महासत्तांच्या भांडणाची बातमी आली की आधी नकाशा काढतो, त्या दोघींच्या मधला चिमूटभर देश शोधतो आणि मला विचारतो, "पाव्हणं, ह्याला कुणी इचारलं का?" पुढचा आठवडाभर तो देश घरातल्या आजारी माणसासारखा. रोज त्याची चौकशी होते, त्याच्या काळजीने साडूंची एक भाकरी कमी जाते.

कारण घरचंच आहे. साडूंचं शेत दीड एकर. पूर्वेला पाटलांचे चाळीस एकर, पश्चिमेला देशमुखांचे अडतीस, आणि त्या दोघांत तीस वर्षं बोलणं नाही. साडूंच्या शेताला स्वतःची वाट नाही. एकाकडे झुकले तर दुसरा वाट बंद करणार; मग उरलेला म्हणेल ते ऐकावं लागणार, आणि शेवटी शेतच त्याचं होणार. म्हणून साडू जाताना पाटलांच्या बांधावरून जातात, येताना देशमुखांच्या. तीस वर्षांत यात बदल नाही. हुरड्याला दोन्हीकडून बोलावणं येतं. एकदा मी सोबत होतो. दोन्हीकडे बरोबर पाच-पाच कणसं. पाटील म्हणाले, "मास्तर, सहावं खाल्लं तर पोट फुटतंय का?"

"पोट न्हाई फुटत, पाटील. तिकडं कळतं."

मला माझ्या दोन मुलांतसुद्धा एवढा समतोल जमलेला नाही.

मागच्या हिवाळ्यात त्यांना नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं. शुद्धीवर आले तेव्हा खाटेच्या एका बाजूला पाटील, दुसऱ्या बाजूला देशमुख, दोघेही भिंतीकडे बघत बसलेले. साडूंनी मला खुणेने वाकवलं. "आधी कोण आलं?"

पाटील वीस मिनिटं आधी आले होते. मी घड्याळ बघितलं होतं. स्कूटरचा ॲव्हरेजसुद्धा वाढवून न सांगणारा मी म्हणालो, "दोघंही बरोबरच आले."

त्यांचा चेहरा सैल झाला. "मग दोघांलाबी चहा सांगा. एकाच किटलीतला."

दोघांनी चहा घेतला. बोलले नाहीत.

आता साडू काठी टेकत शेतात जातात. जाताना पाटलांकडून, येताना देशमुखांकडून. दोन्ही बांधांवर त्यांना टेकायला एकेक दगड आणून ठेवलेला आहे. मी उंची मोजली, सारखीच भरली. ती वीस मिनिटं मात्र मी अजून कुणाला सांगितलेली नाहीत.