बाईंचा आवाज

घड्याळजींच्या पोटावर त्यांच्यापेक्षा आपलाच हक्क जास्त आहे, असं त्यांच्या बायकोचं प्रामाणिक मत होतं. एकोणीस वर्षं त्या पोटाची उस्तवार तिनेच केली होती. दूध बंद, तिखट बंद, कच्चा कांदा बंद. कुणाकडे जायचं झालं तर संडास कुठल्या बाजूला आहे याची चौकशी नवऱ्याआधी तीच करून यायची. तपासण्या सगळ्या झाल्या, सापडलं काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, आतडी चांगली आहेत, फक्त फार हळवी आहेत. हे तर ती पहिल्यापासून सांगत होती.

मग त्याच डॉक्टरांनी औषधांच्या जोडीला म्हणून एका बाईंकडे पाठवलं. या बाई सुया टोचत नाहीत, काढे देत नाहीत; आरामखुर्चीत बसवतात आणि नुसतं बोलतात. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं की काम करताना श्वास कसा घेता. आता, डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरली की कुठलाही घड्याळजी श्वास रोखतो. फुंकर लागली तर ती स्प्रिंग पुन्हा जन्मात सापडायची नाही. बाई म्हणाल्या, तुम्ही दिवसभर श्वास रोखता, मज्जातंतूंना वाटतं संकट आलंय, आणि मेंदू ती वर्दी थेट पोटाला देतो. घरी येऊन घड्याळजींनी हे इतक्या कौतुकाने सांगितलं की बायकोचा तिळपापड झाला. तो रोखलेला श्वास ती लग्नापासून बघत आली होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

बाईंनी फोनमध्ये वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग दिलं. रोज जेवण झालं की घड्याळजी आतल्या खोलीत ते लावून आडवे व्हायचे आणि दाराबाहेर ही पुसलेलंच पातेलं पुन्हा पुसत उभी. ‘पोट सैल सोडा,’ बाई मधात घोळून म्हणायच्या. बाहेर हिचे दात आवळलेले.

सहा आठवड्यांत पोट ताळ्यावर आलं. घड्याळजींनी लेकीकडे जायची बसची दोन तिकिटं काढली. सात तासांचा प्रवास. चार वर्षं झाली, या पोटापायी आईबापांनी लेकीचं घर पाहिलं नव्हतं. बायकोला आनंद झाला, नाही असं नाही. पण आदल्या संध्याकाळी तिने त्यांना फोनवर बोलताना ऐकलं: “बाई, तुमचा आवाज ऐकला की निम्मं दुखणं तिथंच जातं.” हिच्या आवाजाबद्दल ते आजवर एकच वाक्य बोलले होते: जरा हळू बोल. ते अंघोळीला गेले आणि तिने रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

बस सकाळी साडेदहाची. साडेआठला घड्याळजी पोट धरून पलंगावर. फोन चाळून चाळून थकले. बाईंचा नंबर लागेना.

“तू जा एकटी,” ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. “पोरीला सांग, बापाचं हे असंच.”

लेकीसाठी भरलेली पिशवी दाराशी होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. ती पलंगाच्या कडेला बसली.

“डोळे मिटा. नाकाने श्वास घ्या. पोटापर्यंत जाऊ द्या.”

घड्याळजींनी चमकून मान वळवली. “तुला येतं हे?”

“मिटा म्हटलं ना.”

सहा आठवडे जळफळत ऐकलेलं, शब्द न् शब्द पाठ झालं होतं. आवाज मात्र तिचाच, चिरका, घाईचा. ‘स्वतःचा हात पोटावर ठेवा’ हे वाक्य आलं तेव्हा तिने ते गाळलं आणि आपलाच हात ठेवला. फळीसारखं ताठलेलं पोट हळूहळू वरखाली होऊ लागलं.

“खांदे सैल सोडा. जबडा सैल सोडा. ते रेकॉर्डिंग मी पुसलं. आता पोट सैल सोडा.”

हाताखालचं पोट थांबलं. घड्याळजींनी श्वास रोखला होता, चिमट्यात स्प्रिंग असल्यासारखा. तिनेही रोखला. मग तिच्या तळव्याखाली तो श्वास सुटला, पार खालपर्यंत.

“जरा हळू बोल,” ते म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. “आणि पुढचं सांग.”