बनाबाईच्या अळ्यांची चौथी झोप

बनाबाईच्या मागच्या खोलीत शिरायचं तर आधी पाय धुवायचे, चूळ भरायची, मगच उंबरा ओलांडायचा. मग तो सरपंच असो की व्याही. त्या खोलीत बांबूच्या ट्रेंवर रेशमाच्या अळ्या असायच्या, आणि तंबाखूचा हात लागलेला तुतीचा पाला खाल्ला तरी अळी हिरवं पाणी ओकून मरते. म्हणून तर बनाबाईनं मिसरी सोडली. बाराव्या वर्षापासून लावलेली मिसरी एका सकाळी डबीसकट उकिरड्यावर भिरकावली. पुढं आठ दिवस डोकं गरगरत होतं, तोंड आंबलेलं.

नवरा, यल्लाप्पा, म्हणाला, "मला सोडलं असतंस तर येवढी कळवळली नसतीस."

"तुमी कुठं दाताला लावायच्या कामाचं!" ती म्हणाली.

सहा वर्षं झाली त्याला. कोरेगावच्या अलीकडच्या त्या गावात तिच्यासारखे घट्ट, पांढरे कोष कुणाचे होत नव्हते. साताऱ्याच्या रेशीम ऑफिसातनं बायका तिची खोली बघायला यायच्या.

सत्त्याण्णव सालचा आश्विन. रेशमाची अळी आयुष्यात चार वेळा झोपते. झोपते म्हणजे खाणं सोडून, मान वर करून गप्प बसते आणि जुनी कात टाकून उठते. चौथ्या झोपेतनं उठली की आठ दिवस बकाबका पाला खाते आणि मग कोष विणते. त्या झोपेत बनाबाई घरात भांडं वाजू द्यायची नाही. त्या खेपेला अळ्या झोपल्या त्या झोपल्याच. एक दिवस उलटला, दुसरा उलटला. बनाबाईनं वाकून बघितलं. कात मानेपाशी फाटली होती आणि पुढं सरकतच नव्हती, पोरीची बांगडी बाईच्या हातात अडकावी तशी. काहींची आतली कातडी अशी पातळ की बोट लावताच फुटून पाणी. बारा ट्रेंतले नऊ गेले.

साताऱ्याहून साहेब आला. पाय न धुता उंबऱ्यावर उभा राहिला. सदऱ्याच्या खिशातनं सुगंधी तंबाखूची पुडी डोकावत होती.

"मावशी, मिसरी लावता का?"

"सा वर्सं झाली सोडून."

"सगळ्या असंच म्हणतात. आणि तुमच्या वस्तीत स्वच्छतेचं जरा..."

वाक्य त्यानं अर्धंच सोडलं. उरलेलं अर्धं बनाबाईनं लहानपणापासून पुष्कळदा ऐकलं होतं. साहेबानं कागदावर लिहिलं, 'कारण: मिसरी, अस्वच्छता.' ऑफिसाकडनं मिळणारी पुढच्या खेपेची अंडी बंद.

अळ्या मेल्याचं दुःख होतंच, पण हा कागद तिला जेवू देईना. "मी रानात राबले, जीभ मारली, आन ह्यो पुडीवाला मला मिसरी शिकवतो?"

"आत्या," सून आम्रपाली हळूच म्हणाली, "जगलेल्या तिन्ही ट्रेंस्नी म्या हिरीजवळचा पाला घातलावता. बाकीच्यांस्नी बांधावरचा."

बनाबाई तशीच उठून बांधावर गेली. बांधापलीकडं सयाजीचा फ्लॉवर होता. सयाजी फौजेतनं हवालदार होऊन परतलेला. कांदासुद्धा रांगेत लावायचा. फ्लॉवरवरच्या हिरव्या अळीसाठी त्यानं पाठीवरच्या पंपानं नवीन औषध मारलं होतं.

"हवालदार, तुमचं औषध माज्या तुतीवर उडालंय."

"उडू दे की बनाबाई! नो प्रॉब्लेम. माणसाला, बैलाला काय करत न्हाई. मेळाव्यात कंपनीचा टायवाला सांगत होता, ह्ये जुन्या इखावाणी मारत न्हाई. किड्याला निस्तं कात टाकू देत न्हाई. येवढंच."

"येवढंच?" बनाबाईचा आवाज चढला. "आवं, मी घरात काय हत्ती पाळलेत?"

सयाजीनं औषधाचा डबा फिरवून बघितला. "हितं फ्लॉवरची अळी लिवलीय."

"अळीला वाचाय येतं का? फ्लॉवरची ती मरा, रेशमाची ती बाजूला व्हा?"

सयाजी हसला, पण मान काही डोलवेना. कंपनीचं छापील ते खरं, शेजारणीचं तोंडी ते खोटं. फौजेत लेखी हुकमाची सवय लागलेली.

चार दिवसांनी बनाबाई ओढ्यावर धुणं घेऊन गेली. सगळा गाव फवारणीचा पंप तिथल्याच पसरट दगडावर खळबळायचा, सयाजीही. पाणी वाहतं, घाण जाते, असा हिशोब. ती कुठं जाते हे कुणी विचारायचं नाही. दगडाखाली खेकडे पडलेले. एक तर कवचातनं अर्धा बाहेर आलेला, मऊ, तसाच मेलेला. खेकडाही कात टाकूनच वाढतो, हे बनाबाईला कुणी पुस्तकातनं सांगायची गरज नव्हती. जन्मभर खाल्ले होते.

बनाबाईच्या हातच्या खेकड्याच्या रश्श्यासाठी सयाजी घरचं ताट सोडून उठणारा माणूस. तिनं खेकडा डब्यात घातला आणि त्याच्या पुढ्यात उघडला.

सयाजीनं काडीनं खेकडा उलटा केला. "ह्यो वड्यातला?"

"तुमच्या दगडाखालचा. खावा, माणसाला काय करत न्हाई म्हनं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दोघं साताऱ्याला गेले. वासानं कंडक्टरनं दोनदा नाक धरलं. ऑफिसात बनाबाईनं डबा साहेबाच्या कागदांवर ठेवला, झाकण काढलं.

"साहेब, ह्याला इचारा. ह्यानं मिसरी कवा लावली?"

शेजारच्या टेबलावरची बाई खुदकन हसली. साहेब खुर्चीसकट मागं सरकला. सयाजी ताठ उभा राहिला. "कात अडवणारं औषध मी मारलं, साब. पंप मीच धुतला. बाईंची काय चूक न्हाई."

साहेबानं छापील कागद खालीवर केला. "शेजारचं औषध असा रकानाच नाही यात. अंडी देतो मावशी, घेऊन जा. सही करा इथं."

"आदी त्ये खोडा."

"अंडी मिळतायत ना?"

"अंडी तुमच्याजवळच राहू द्या. माज्या नावापुढं मिसरी ठेवून म्या एक अंडं न्यायची न्हाई."

ती बाकावर जाऊन बसली. डबा टेबलावर, उघडाच. शिपाई चहा ठेवून पळाला. जेवणाच्या सुट्टीआधी साहेबानं नाकाला रुमाल लावला, दोन्ही शब्दांवर आडवी रेघ ओढली आणि वर सही केली. बनाबाईनं आम्रपालीनं शिकवली होती तशी, एकेक अक्षर टोचत, आपलं नाव लिहिलं.

बांधावरची तुती तिनं बुडापासनं छाटली, नवा फुटवा येईतो विहिरीजवळच्या पाल्यावर भागवलं. सयाजी आता बांधाकडच्या चार सऱ्यांना पंप लावत नाही, आणि पंप शेतातच धुतो. बाकी गाव अजून ओढ्यावरच धुतो. पुढच्या पावसाळ्यात ओढा दुथडी वाहिला, पण दगडाखाली खेकडा दिसला नाही.

"बनाबाई, औंदा रस्सा न्हाई?" सयाजीनं बांधावरनं विचारलं.

"टायवाल्याला मागा," ती म्हणाली, आणि पाय धुऊन आत गेली. अळ्या चौथ्या झोपेतनं उठत होत्या.