तांदूळ कुठे ठेवता?

मंगळवारी दुपारी रेवाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. रेवा म्हणजे डॉ. दिनकर सबनीसांची मुलगी. "वंदनामावशी, बाबा ड्राइव्ह-वेमध्ये कोलॅप्स झाले. कचऱ्याचा डबा आत आणत होते." आम्हीही इथे अमेरिकेत, ट्रॉय गावातच, त्यांच्यापासून दहा मिनिटांवर राहतो, होते तशीच निघाले. इमर्जन्सीत त्यांच्या हृदयाचा एको चालू होता. बावीस वर्षं त्यांच्या हाताखाली मी हेच मशीन चालवलं, त्यामुळे स्क्रीनवर काय दिसतंय ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. महाधमनीची झडप दगडासारखी झाली होती, जेमतेम फट उरलेली. गुरुवारी डॉक्टर गेले. झडप बदलायला लागतो तेवढा वेळ त्यांनी कुणाला दिलाच नाही... सहा आठवडे झाले, तरी माझा राग जात नाही. त्यांच्यावरचा, आणि माझ्यावरचाही.

राग येण्याचं कारण असं, की झडप बदलणं हेच तर त्यांचं काम होतं. छाती न उघडता, मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी सरकवून नवी झडप बसवायची. गाड्यांच्या कंपन्यांमुळे आमच्या भागात जपानी कुटुंबं पुष्कळ. त्यांचे म्हातारे आईवडील आमच्याकडे यायचे. चणीने लहान माणसं, झडपेची जागाही इवलीशी. मोठी झडप कोंबली तर कड फाटायची भीती, लहान बसवली तर रक्ताला वाट अपुरी. एकेका मापासाठी डॉक्टर मला तीन-तीनदा एको करायला लावत. "अमेरिकन मापाचा सदरा आहे हा वंदना, आजींना ढगळ होईल." मी नागपूरची, तोंडाने फटकळ. "मग शिंप्यालाच बोलवा ना," म्हणायची. हसायचे, आणि चौथ्यांदा करायला लावायचे.

पण त्यांची मोठी चूक मापात झाली नाही, प्रश्नात झाली. हायाशी आजी म्हणून एक पेशंट होत्या. झडप फार अरुंद, पण "दम लागतो का?" विचारलं की हसून मान लववायच्या आणि मुलाकरवी सांगायच्या, "काही त्रास नाही." डॉक्टरांनी सहा महिन्यांनी यायला सांगितलं. तीन महिन्यांतच आजींना ॲम्ब्युलन्समधून आणलं. कशाबशा वाचल्या. तेव्हा सून म्हणाली, हिवाळ्यापासून त्या वरच्या खोलीत न जाता खाली हॉलमध्येच झोपतात, तांदळाचा डबाही तळघरातून वर मागवून घेतलाय. जिना चढायचाच नाही, मग दम लागणार कसा? उगाच कुणाला तोशीस नको, म्हणून घरातसुद्धा कुणाला बोलल्या नव्हत्या. डॉक्टर त्या दिवशी जेवले नाहीत. तेव्हापासून दम लागतो का, हे त्यांनी कुणालाच विचारलं नाही. विचारायचे, "तांदूळ कुठे ठेवता? वर कोण आणतं?"

आजींना नवी झडप बसली. वर्षाने त्या लिफ्ट सोडून जिन्याने क्लिनिकमध्ये आल्या आणि डॉक्टरांसमोर कमरेत वाकल्या. डॉक्टरांची एक निळी वही होती. प्रत्येक जपानी पेशंटला झडप बसल्यावर वर्षाने ते स्वतः फोन करायचे आणि माणूस आता काय करतो, तेवढंच त्यात लिहायचे. 'स्वतः बर्फ काढतो.' 'नातवाला उचलून घेते.' हायाशी आजींपुढे लिहिलं होतं, 'तांदूळ स्वतः आणतात.' मी म्हणायची, रिपोर्टमध्ये हे कोण वाचणार? "रिपोर्टमध्ये झडप कशी आहे ते असतं गं. माणूस कसा आहे ते कुठे असतं?"

आणि हाच माणूस! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण... रिटायर झाल्यावर दर शनिवारी त्यांच्या बेसमेंटमध्ये आमचा कॅरम असे. डॉक्टर, त्यांच्या पत्नी सुमनताई, मी आणि माझे यजमान. गेल्या ऑक्टोबरात डॉक्टर म्हणाले, "खाली थंडी वाजते, बोर्ड वर नेऊ या." बोर्डाची एक बाजू यजमानांनी धरली, दुसरी मी. डॉक्टर सोंगट्यांची डबी घेऊन मागे होते. अर्ध्या जिन्यात थांबले, आणि तिथेच उभं राहून सुमनताईंच्या नेमबाजीवर एक विनोद सांगितला. आम्ही बोर्ड धरून हसत राहिलो. इतकी वर्षं तो प्रश्न मी रोज ऐकला होता, आणि त्या दिवशी बोर्ड वर पोचवून मोकळी झाले.

रेवा दवाखान्यात एवढंच म्हणत राहिली, "ही टोल्ड मी ही वॉज फाइन, मावशी." मलाही तेच सांगितलं होतं.

बोर्ड अजून त्यांच्या जेवणाच्या टेबलावरच आहे. परवाच्या शनिवारी गेले, तर सुमनताईंनी मुगाची खिचडी टाकायला घेतली. ओट्याखालून तांदळाचा डबा काढला. तो डबा कायम बेसमेंटमध्ये असायचा.

"हा वर कधी आणलास?"

"झाला महिना. गुडघे गं."

"गुडघे, की दम?"

त्या तांदूळ धूत राहिल्या. पाणी पार नितळ झालं तरी धूतच राहिल्या. मग म्हणाल्या, "यांच्यामागचं सगळं चाललेलं, त्यात माझं कुठे काढू..."

मी गॅस बंद केला. तिथूनच फोन लावला, सोमवारी सकाळची अपॉइंटमेंट मिळाली. एको कोण करणार तेही विचारून घेतलं. गुडघेच निघाले तर बरंच. मग गॅस परत पेटवला. टेबलावर बोर्ड होता, तो काही आम्ही हलवला नाही. ताटं मांडीवर घेऊन जेवलो.