हेडलाइटचा घाम आणि मामांची पाटी

मामांच्या गॅरेजमध्ये दोन गोष्टी कधीच फेकल्या जात नाहीत: उडालेले बल्ब आणि घडलेले किस्से. बल्बांसाठी कोपऱ्यात एक पिंप आहे. किश्श्यांसाठी तशी सोय नसल्यामुळे ते माझ्याकडे जमा होतात. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केल्यापासून मामा मला 'प्रोफेसर' म्हणतात, आणि प्रोफेसरच्या ध्यानात राहते या भरवशावर सगळे मोकळे होतात. त्यांतले जे मी स्वतः पाहिले वा ऐकले, तेवढेच सांगते.

आमचे शिवामामा अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या तोंडाशी गाड्यांच्या दिव्यांची कामे करतात. वायरिंगचे काम इक्बालभाईंकडे. काचेच्या आतून बाष्प धरले, की इकडची माणसे 'हेडलाइटला घाम आलाय' म्हणतात. मामांनी तर दारावर पाटीच लावली आहे: 'हेडलाइटचा घाम कायमचा बंद'. यातला 'कायमचा' हा शब्द थोडा धाडसी आहे, असे मी एकदा नम्रपणे सुचवले. मामांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सर्वांदेखत जाहीर केले, "एकच गाडी त्याच घामासाठी तिसऱ्यांदा आली, तर पाटी माझ्या हातानं उतरवीन."

ऐकायला समोर सिद्धाराम अण्णा बसले होते. अण्णा कुंभारीला राहतात. एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे. त्यांच्या पांढऱ्या गाडीच्या उजव्या हेडलाइटमध्ये रोज सकाळी थेंब दिसत.

"कारखान्याच्या गेटवरचे दस्तगीरचाचासुद्धा थेंबांवरनंच गाडी वळखून 'आली बघा रडकी' म्हणत्यात," अण्णांनी तक्रार केली.

मामांनी मागचे रबरी झाकण बदलले, काच आतून वाळवली आणि गाडी दिली. ही पहिली खेप.

*

त्याच आठवड्यात एक गृहस्थ आले. पाणी आत जाऊ नये म्हणून त्यांनी घरीच हेडलाइटच्या सगळ्या फटी सिलिकॉनने बुजवल्या होत्या. त्यात हवा जाण्यायेण्यासाठी कंपनीने मुद्दाम ठेवलेले छिद्रही बुजले होते. आत तर तळेच साचले होते.

मी समजावू लागले, "हेडलाइट पूर्ण हवाबंद नसतो. दिवा तापला की आतली हवा फुगून बाहेर पडते, निवला की बाहेरची आत येते. ती वाट मोकळी असली, तर दमटपणा बहुधा..."

इक्बालभाईंना एवढा धीर नव्हता. "साहेब, चोर घरातच होता आणि तुमी बाहेरून कुलूप घातलं की!"

*

वळसंगच्या एका शेतकऱ्याची जीप आली, तो दिवस मी विसरणे शक्य नाही. भिजलेला मोबाइल तांदळात ठेवतात, हे त्यांनी ऐकले होते. त्यावरून त्यांनी बल्ब काढून हेडलाइटमध्ये मूठभर धान्य ओतले. फक्त ते तांदूळ नव्हते.

"आमच्याकडं तांदूळ कुटं पिकतोय? ज्वारी घातली."

ज्वारीने पाणी शोषले, यात शंका नाही. दिव्याची ऊबही मिळाली. जीप दारात उभी राहिली तेव्हा काचेआड हिरवे कोंब उभे होते. मी इतकी हरखून गेले, की आधी मोबाइल काढून फोटोच घेत सुटले.

मामा मात्र बराच वेळ गंभीरपणे पाहत राहिले. मग म्हणाले, "पेरा झकास आलाय. पाखरं राखायला कोण बसतंय, तेवढं ठरवा."

*

अण्णांची गाडी दुसऱ्यांदा आली. थेंब तेच, हेडलाइट तोच.

पाटीकडे सगळ्यांनीच एकदा पाहिले.

चौकशीत कळले, की मधल्या काळात इक्बालभाईंनीच हौसेने अण्णांना दोन्ही बाजूंना एलईडी बल्ब बसवून दिले होते. मी म्हणाले, "जुना बल्ब काचेकडे बरीच उष्णता फेकतो. एलईडीची उष्णता बहुतांशी मागे जाते. त्यामुळे काच थंड राहून थेंब टिकत असावेत. पण मग डावीकडे का नाहीत, हे सांगता येत नाही."

"असावेत, बहुधा, सांगता येत नाही," इक्बालभाई म्हणाले. "प्रोफेसर, 'नक्की' हा शब्द तुमच्या कोर्सला नव्हता का?"

अण्णा वेगळ्याच विचारात होते. "म्हंजे जुना दिवा आमच्या थोरल्या भावासारखा. तापट, पण घर कोरडं ठेवणारा."

जुने बल्ब परत बसले.

*

चारच दिवसांनी अण्णांचा फोन आला. "मामा, रागावू नका. उद्या येतोय. रडती हाय अजून."

मामांनी फोन ठेवला, स्टूल घेतले, पाटीचे स्क्रू काढले आणि पाटी तोंड भिंतीकडे करून उभी केली. इक्बालभाईंनी "अजून आली कुटं गाडी?" असे विचारून पाहिले. मामा म्हणाले, "शब्द दिलाय न्हवं?" त्यानंतर त्या दिवशी गॅरेजमध्ये कुणी थट्टा केली नाही.

*

दुसऱ्या दिवशी मी मामांकडे एक प्रयोग मागितला. दोन्ही दिवे चांगले तापू द्यायचे, मग बंद करून काचांवर गार पाण्याने पिळलेला टॉवेल टाकायचा. बाष्प दोन्हीकडे धरले. पुन्हा दिवे लावले. डावी काच हळूहळू मोकळी झाली. उजवी तशीच!

"डावा श्वास घेतोय," मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला असावा, कारण शेजारचा पंक्चरवाला डोकावला. "उजव्याचं नाक बंद आहे. नक्की."

इक्बालभाईंनी भुवया उंचावल्या. मामांनी हेडलाइट उतरवला, मागची श्वासनळी उपसली आणि चिमट्याने आतून काहीतरी ओढले. ते येतच राहिले: मऊ, दाबून बसलेले, सुताचे फिकट निळे तूस.

"अण्णा, गाडी कुटं लावता?"

"सावलीला. लूमच्या शेडमधी, भिंतीला उजवी बाजू लावून." अण्णा थांबले. टॉवेल विणणारे लूम चालू असताना शेडमध्ये तूस कसे उडते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

मामा म्हणाले, "तुमच्या गाडीनं नाकात टॉवेल कोंबून घेतलाय की हो."

नवी नळी बसली. आतले बाष्प पूर्ण वाळवले. गाडी शेडबाहेर लावायची, असे अण्णांकडून कबूल करून घेतले. मी म्हणाले, "आता पाटी लावू या?" मामांनी नकारार्थी मान हलवली. "उद्या सकाळी गाडी काय बोलती ते बघू."

*

सकाळी आम्ही तिघे मोबाइल मधे ठेवून बसलो होतो. चहा गार झाला. मामांची नजर भिंतीकडे तोंड केलेल्या पाटीवर होती.

फोन वाजला. मामांनी तो स्पीकरवर टाकला. आधी नुसता हॉर्न ऐकू आला, मग अण्णांचा वैतागलेला आवाज.

"मामा, काय करून ठेवलंय हे? माझ्याच कारखान्याच्या गेटवर उभा हाय मी."

मागून दस्तगीरचाचांचा आवाज स्पष्ट आला. "गाडी मागं घ्या. अण्णांची येळ झालीय. त्यांची रडकी येईल आता, वाट मोकळी करा."

मामा उठले आणि स्टूल शोधू लागले.