वखारीच्या दारात वाचलेली बातमी

युद्धाच्या दिवसांत बेळगावात आमचं साप्ताहिक जोरात चाललं होतं. तंबाखू आणि विड्यांच्या जाहिरातींनी पानं भरून जायची. मालकांनी कॅम्पात बंगला घेतला. त्याच सुमारास त्यांनी निपाणीचा बातमीदार आणि छापखान्यातले दोन खिळे जुळवणारे कमी करायचं ठरवलं.

"व्यापारी बातम्या फुकट पाठवतात," ते मला म्हणाले. "मग माणूस पोसायचा कशाला?"

त्या बातमीदाराची एक रीत होती. वखारीतली बातमी लिहून झाली की तो दारात बसून ती तंबाखू निवडणाऱ्या बायकांना वाचून दाखवायचा. "तसं न्हवं वो अण्णा! मुकादमानं आधी शिवी दिली, मग आम्ही उठलो," असं कुणीतरी ओरडायची. तो खोडून पुन्हा लिहायचा, आणि मगच बातमी बेळगावच्या मोटारीत चढायची. लोक आमच्यावर विश्वास ठेवायचे तो त्या दारामुळे.

छापखान्यात सगळ्यांनी एकी केली. मी उपसंपादक, मी 'छापा' म्हटल्याशिवाय मशीन फिरत नसे.

"शनिवारी तुमी फकस्त गप बसा अण्णा," फोरमन म्हणाला. "तिघांस्नी परत घेतल्याबिगर अंक न्हाय."

"गप बसायला काय लागतं रं?" मी हसलो.

शनिवारी मालक मशीनपाशी येऊन उभे राहिले. रागावले नाहीत. माझ्या मुलाच्या शाळेची चौकशी केली. त्या शाळेच्या कमिटीवर ते होते. मी 'छापा' म्हणालो. फोरमननं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मशीन सुरू केलं. तिघांची नोकरी गेली.

त्याच हिवाळ्यात निपाणीच्या एका वखारीत बाई दगावली. "पोत्यांची थप्पी अंगावर पडली म्हणत्यात," मोटारीचा ड्रायव्हर म्हणाला. व्यापाऱ्याच्या माणसानं मजकूर धाडला होता, बाई जुन्या दम्यानं गेली. खरं काय ते विचारायला तिथं आमचं कुणी नव्हतं. त्याच मोटारीनं मी जाऊ शकलो असतो. गेलो नाही. दमा छापला.

मग राहवेना. अंक घेऊन निपाणीला गेलो आणि त्याच वखारीच्या दारात बसून ती बातमी मोठ्यानं वाचली. वाटलं, कुणीतरी अडवील, तोंडावर शिवी देईल. मग खोडून खरं छापता येईल. बायकांचे हात थांबले नाहीत. मी पुन्हा वाचू का, म्हणून विचारलं.

"वाचा की," एक जण म्हणाली. "आमची मजुरी कुठं कापली जातीया तुमच्या वाचण्यानं?"

मी पुन्हा वाचली. कोपऱ्यातल्या म्हातारीनं शेजारणीला विचारलं, "कुठल्या गावची गं ही बाई?"

"असंल कुठली तरी," ती म्हणाली, आणि तिनं पुढ्यातली तंबाखूची पानं जवळ ओढली.